आरमोरीच्या घाटावर बॅटरी चार्ज करताना

कॅम्पच्या कोपऱ्यात रिकामे डबे साठत जातात ना, तसे किस्से साठतात. मुद्दाम कोणी ठेवत नाही. फेकायचा कंटाळा, म्हणून राहतात. मी नोकरीभर कंटाळाच केला, त्यामुळे माझ्याकडे भरपूर आहेत!

हे सगळे पन्नास-साठच्या दरम्यानचे. तेव्हा गडचिरोली जिल्हा झाला नव्हता, सगळा मुलुख चांदा जिल्ह्यातच. मी नागपूरचा, नवानवा वायरलेस ऑपरेटर. वैनगंगेचं पाणी मोजायला सरकारनं आरमोरीच्या घाटावर एक कॅम्प टाकला होता. माणसं चार. ओव्हरसियर पाठकसाहेब, पुण्याचे. सोमाजीभाऊ, घाटावरचेच ढीवर. जन्म मासे धरण्यात गेलेला, आता सरकारची मोटारबोट हाकायचे. त्यांची बायको भागरताबाई स्वयंपाकाला. आणि चौथा मी.

बोटीला एक बॅटरी, माझ्या वायरलेसला दुसरी. बॅटरी उतरली की बोट सुरू होत नाही अन् वायरलेस बोलत नाही. वीज तर आसपास कुठंच नव्हती. म्हणून आम्हाला एक छोटा पेट्रोलचा जनरेटर दिला होता. लष्करानं मोडीत काढलेला. दोन माणसांनी बांबूला टांगून न्यावा, एवढाच. चाकाला दोरी गुंडाळायची, ओढायची, की सुरू व्हायचा. कधी व्हायचा, कधी नाही व्हायचा.

माझं काम एका वाक्यात सांगतो. जनरेटरनं बॅटरी भरायची. त्या एका वाक्यात माझी कंबर गेली!

*

जनरेटर वडशाच्या स्टेशनावरून बैलबंडीत आला. पहिल्यांदा सुरू केला तेव्हा नदीवरचे बगळे उठले ते संध्याकाळपर्यंत परतले नाहीत.

दुसऱ्या दिवशी सकाळी पाहतो तर भागरताबाई डोक्यावर टोपली घेऊन हजर. मागे आणखी दोघी-तिघी बाया. प्रत्येकीच्या टोपलीत दाणे.

"हे का दरते जी?" बाईंनी विचारलं. दरते म्हणजे दळते. त्या झाडीच्या मुलखातली माणसं 'ळ'च्या वाटेला जात नाहीत.

तेव्हा तिकडे इंजिन म्हटलं की गिरणीच. त्यांचं काही चुकलं नव्हतं. मी म्हटलं, "हे काही दळत नाही, बाई. याच्यातून करंट निघते."

"कुठी पडते?"

"या बॅटरीत."

बाईंनी टोपली खाली ठेवली. बॅटरीचं एक बूच मी उघडून दाखवलं. त्यांनी वाकून आत पाहिलं. मग टोपली परत डोक्यावर घेतली.

"इतकं तेल पेते, इतकी बोंबलते, अन् चिमूटभर पीठ नाई पडत," त्या बाकीच्या बायांना म्हणाल्या. "अन् सरकार म्हन्ते, आमीच आरशी!"

*

पाठकसाहेब माणूस सज्जन. फक्त त्यांना अर्धवट काही चालायचं नाही. मिशासुद्धा एक बाजू कापली की दुसरी मोजून कापायचे. त्यांचा हुकूम होता, "बॅटरी फुल्ल म्हणजे फुल्ल! काटा शेवटपर्यंत गेला पाहिजे."

आता बॅटरीचं कसं असतं, धानाच्या पोत्यासारखं असतं. पोतं रिकामं असलं की धान धबाधबा पडतो. तोंडाशी आलं की मग हलवा, ठोका, दाबा, तेव्हा कुठं मूठमूठ जातो. बॅटरीही सुरुवातीला भराभरा घेते. शेवटचा चतकोर भरायला आधीच्या सगळ्याएवढाच वेळ लावते. अन् जनरेटर त्या मुठीसाठीही तेवढंच पेट्रोल पितो!

मी साहेबांना हे सांगून पाहिलं. ते म्हणाले, "सरकारी काम चतकोर सोडून करायचं नसतं."

मग काय, सकाळी दोरी ओढायची अन् दिवेलागणीपर्यंत फटफट ऐकायची. माझ्या कानात रविवारीसुद्धा फटफट वाजायची. पेट्रोल ब्रह्मपुरीहून यायचं, तेही नदी ओलांडून, बंडी मिळाली तर. एक दिवस साहेब खुशीत बोटीत चढले. बॅटरी तुडुंब! सोमाजीभाऊंनी बटण दाबलं. इंजिन दणक्यात फिरलं, खोकललं, अन् बंद. पुन्हा फिरलं. पुन्हा बंद.

बोटीच्या टाकीत पेट्रोल नव्हतं. डब्यातही नव्हतं. सगळं जनरेटरनं पिऊन टाकलं होतं!

सोमाजीभाऊंनी शांतपणे बोट ढकलायचा बांबू उचलला अन् विचारलं, "साहेब, आता बॅटरीच बांधू का या बांबूले? तुडुंब भरेल हाय, वल्हवन जोरात."

त्या दिवसापासून माझा कायदा चालू झाला. सकाळच्या गारव्यात चार्जिंग. दोन्ही बॅटऱ्या एकदमच लावायच्या, कारण एकीसाठी फटफटला काय अन् दोघींसाठी फटफटला काय, जनरेटर पितो जवळपास तेवढंच. पाऊण भरली की बंद. पोटभर जेवण पंधरवड्यातून एकदा.

साहेबांनी मान्य केलं. पण पाऊण भरलेल्या बॅटरीकडे ते अर्धी मिशी राहिलेल्या माणसाकडे पाहावं तसे पाहायचे.

*

बॅटरी किती भरली ते पाहायला काचेची एक नळी असते. वर रबरी फुगा. बॅटरीत नळी घालून पाणी ओढायचं, आत एक काचेचा तरंगता काटा असतो. तो वर तरंगला तर बॅटरी चांगली, बुडाला तर उतरलेली. साहेबांना ही नळी फार आवडायची. उठले की चहाच्या आधी नळी!

थंडीच्या सुरुवातीला मला हिवताप भरला. त्या मुलखात नवीन माणसाला तो भरायचाच. मी तंबूत तीन घोंगड्यांखाली थडथडत पडलेलो. दात वाजत होते. साहेब आत आले. मला बरं वाटलं. म्हटलं, पुण्याचा असला तरी माणूस आहे.

साहेब माझ्या खाटेजवळून पुढे गेले, कोपऱ्यातल्या बॅटरीपाशी उकिडवे बसले, नळी घातली, उजेडाकडे धरून पाहिली अन् म्हणाले, "छान! तब्येत उत्तम आहे."

मी घोंगडीतून म्हटलं, "साहेब, अन् माझी?"

साहेब उठले. माझ्याकडे पाहिलं. खरोखर वाईट वाटल्यासारखं म्हणाले, "तुमच्यासाठी खात्यानं नळी दिलेली नाही हो."

मग त्यांनीच मला क्विनाईन आणून दिलं, भागरताबाईंनी पेज दिली. पण वाक्य लागलं ते लागलंच!

*

धान निघाले की तिकडे शंकरपट भरतात. बैलांच्या जोड्यांची शर्यत. माणसं दुरून दुरून बंड्या करून येतात, दुकानं लागतात, पाहुण्यारावळ्यांनी घरं भरतात. त्या वर्षी शेजारच्या गावच्या पाटलांनी ब्रह्मपुरीहून भोंगा आणला, म्हणजे लाउडस्पीकर. भोंगा आला, पण त्याची बॅटरी वाटेत सांडली. पाटील आमच्या दारात.

मी हात जोडले. "पाटील, ही बोटीची बॅटरी आहे. एकदा पूर्ण उतरली अन् तशीच राहिली तर कायमची खराब होईल."

पाटील माझ्याकडे न पाहता साहेबांना म्हणाले, "साहेब, आमी तुमाले उद्घाटनाले बलावून राह्यलो जी. दोन शब्द तुमचे."

बॅटरी गेली!

साहेबांनी दोन शब्द सुरू केले. वैनगंगा कुठं उगम पावते इथून निघाले. जोड्या सुटायच्या थांबलेल्या, बैल माती उकरताहेत, हाकणारे कासरे आवळून उभे. साहेब अजून उगमापाशी, शिवनी जिल्ह्यातच. हळूहळू भोंग्याचा आवाज खोल जायला लागला. साहेबांना वाटलं आपलाच घसा बसला, म्हणून ते आणखी जोरात बोलले. नदी भंडाऱ्यापर्यंत आली अन् भोंगा गप्प झाला. तेवढ्यात कोणीतरी जोडी सोडली, लोक ओरडले, अन् पट सुरू झाला.

बॅटरी मी बंडीत घालून आणली. नळी लावली तर काटा तळाशी, मेलेल्या माशासारखा. दुसऱ्या दिवशी सकाळपासून फटफट. हळूहळू, कमी करंटवर, तिला दुखू नये असं भरत बसलो. जगली, पण पूर्वीचं बळ काही आलं नाही.

साहेबांनी विचारलं, "एका भाषणानं एवढी कशी उतरली?"

सोमाजीभाऊ जाळं विणत होते. मान वर न करता म्हणाले, "भाषन जड होतं, साहेब. नदी अख्खी उचलाची होती."

*

उन्हाळ्यात साहेबांना दुपारची झोप लागायची. अन् मला नेमकं सकाळी पेट्रोल मिळायचं नाही, दुपारी मिळायचं. मग दुपारी फटफट. साहेब तंबूतून डोक्याला ओला पंचा बांधून बाहेर आले.

"हे तिकडे न्या! त्या मोहाच्या झाडांपलीकडे."

"साहेब, बॅटऱ्या इथं आहेत."

"वायर लांब करा!"

कॅम्पात होती ती विजेच्या घंटीला लावतात तसली बारीक वायर. जोडून जोडून मोहापलीकडे नेली. जनरेटर तिकडे फटफटतोय, साहेब इकडे घोरताहेत, अन् मी बॅटरीपाशी बसलोय. काटा हलेना. वायरला हात लावला तर चटका! म्हणजे जनरेटर बॅटरी भरत नव्हता, मोहाखालची वायर तापवत होता. नाल्याचं पाणी लांबच्या धानाच्या बांधीत न्यायला गेलो अन् वाटेतल्या रेतीनंच पिऊन टाकलं, तशी गत. वायर आखूड अन् जाड पाहिजे, हे साहेबांनाही पटलं. पण झोपही पाहिजे.

तोडगा असा निघाला, की करंट बॅटरीकडे आणायचा नाही, बॅटरीच करंटकडे न्यायची. सोमाजीभाऊ दोन बॅटऱ्या कावडीला लावून रोज मोहापर्यंत जायचे अन् यायचे. चालताना बॅटरीतलं तेजाब हिंदकळायचं. आधी थेंब दिसायचे नाहीत. धोतर धुतलं की दिसायचे. जिथं थेंब, तिथं भोक!

महिन्याभरानं भागरताबाई ते धोतर घेऊन साहेबांच्या पुढ्यात आल्या. दोन्ही हातांनी उजेडात पसरून धरलं. पलीकडचे साहेब आम्हाला स्पष्ट दिसत होते.

"साहेब, हे आता ह्यायले नेसाले नाई होत," बाई म्हणाल्या. "पन डोहात टाकलं तं मासे येतीन!"

साहेबांनी आपलं एक धोतर दिलं. पुणेरी, काठाचं. सोमाजीभाऊंनी ते कावडीच्या दिवशी कधीच नेसलं नाही.

*

बॅटरीतलं पाणी उन्हानं आटतं. वरून घालायला साधं पाणी चालत नाही, डिस्टिल्ड लागतं. ते आम्हाला बाटल्यांतून यायचं. वैशाखात माझ्या लक्षात आलं, की बॅटऱ्या वाजवीपेक्षा जास्त पाणी पिताहेत. म्हणजे बाटल्या रिकाम्या होताहेत, अन् बॅटऱ्या मात्र कोरड्याच!

मी सोमाजीभाऊंना विचारलं. त्यांनी कानाला हात लावला. भागरताबाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, "त्या बाटलीले मी हातच नाई लावत, बाप्पा. मले वाटते, विख आहे."

मग एका दुपारी मी पाणी शोधत साहेबांच्या तंबूत शिरलो. साहेब स्टोव्हवर चहा करत होते. बाजूला डिस्टिल्ड वॉटरची बाटली, बूच उघडं.

साहेबांनी घाईनं बाटलीला बूच लावलं. स्टोव्ह सूं सूं करत होता.

त्या उन्हाळ्यात नदीकाठच्या गावांत हगवण फिरत होती, हे खरं. साहेब पोटानं नाजूक, हेही खरं. साहेबांना राहवेना. कप खाली ठेवून एकदम कळवळून म्हणाले, "अहो, बॅटरीला गाळीव शुद्ध पाणी, आणि ओव्हरसियरनं काय गाळ प्यायचा?"

मी त्यांच्यासमोर बसलो. त्यांनी मलाही अर्धा कप दिला. खोटं कशाला बोलू, चहाला काही चव नव्हती!

*

अन् मग तो भादवा.

पाऊस थांबतच नव्हता. वैनगंगा घाटाच्या पायऱ्या चढत होती. पेट्रोलची बंडी कुठं तरी अडकलेली. रोज पाण्याची पातळी वायरलेसवरून कळवता कळवता माझी बॅटरी संपली. मग बोटीची काढून लावली, तीही जवळजवळ संपली. त्यात इंजिन चालता चालता बॅटरी भरणारा बोटीचा डायनामो आधीच जळालेला. कपडे वाळत नव्हते, झोप होत नव्हती, आम्ही एकमेकांशी बोलणंही कमी केलं होतं.

एका सकाळी कसंबसं एक डबा पेट्रोल पोचलं. अर्धं बोटीत, अर्धं जनरेटरमध्ये घातलं. दोरी ओढणार तेवढ्यात सोमाजीभाऊ काठावरून वर आले. बोटीचा दोर वरच्या झाडाला बांधायला गेले होते. डाव्या हातानं उजवं मनगट धरलेलं.

"बाबू," ते अगदी हळू म्हणाले, "मले पान लागलं."

साप चावला असं तिकडे तोंडानं म्हणत नाहीत. पान लागलं म्हणतात. मला कळायला एक क्षण लागला. भागरताबाईंना नाही लागला. हातातलं भांडं टाकून त्या धावल्या.

साहेबांनी आपला रुमाल फाडून दंडाला बांधला. दवाखाना ब्रह्मपुरीला, नदीपलीकडे. आमच्या बाजूचे सगळे नाले भरून वाहत होते, बंडीची वाट बंद. त्या पुरात वल्ह्याचा डोंगा टिकणं शक्य नव्हतं. राहिली बोट.

"बॅटरीला किती वेळ?" साहेबांनी विचारलं.

"इंजिन सुरू होण्यापुरती आत्ता भरेल, साहेब. पण डायनामो नाही. इंजिन चालतं तोवर त्याच्या ठिणगीसाठी बॅटरी संपतच जाणार. मधल्या धारेत संपली तर इंजिन बंद पडेल."

साहेबांनी नदीकडे पाहिलं. आख्खी झाडं वाहत चालली होती. मग ते म्हणाले, "जनरेटर बोटीत घ्या. जाता जाता भरू."

मी अन् साहेबांनी तो उचलला. बॅटरीच्या शेजारी ठेवला, आखूड वायरीनं जोडला, दोरी ओढली. सुरू झाला! पहिल्या झटक्यात! थोडं भरू दिलं अन् बोटीचं बटण दाबलं. इंजिन लागलं.

सुकाणू हातात घ्यायला कोणी नव्हतं. साहेबांनी घेतलं. त्यांना पोहताही येत नव्हतं.

सोमाजीभाऊ तळाशी आडवे, डोकं बाईंच्या मांडीवर. पडल्या पडल्याच सांगत होते. "सिधी धार नोका कापू, साहेब. तिरपी घ्या. तोंड वरच्या अंगाले ठेवा... अजून... हां." दोन इंजिनांच्या आवाजात ऐकू येईना. मग भागरताबाई त्यांच्या तोंडाला कान लावून ऐकायच्या अन् साहेबांवर ओरडायच्या, "वरच्या अंगाले म्हन्ते ना तं! वरच्या अंगाले!" आयुष्यात साहेबांशी त्या आवाजात कोणी बोललं नसेल. साहेब "हो बाई, हो बाई" म्हणत होते.

बोट हादरली की वायरचा चिमटा बॅटरीवरून उडायचा अन् इंजिन आचके द्यायला लागायचं. शेवटी मी चिमटा तळहातानं दाबून धरला अन् धरूनच ठेवला. हात भाजत होता. सोडायचं मनात आलं नाही, कारण सोमाजीभाऊंचा आवाज बसत चालला होता.

"अवो, डोरे उघडा!" बाई ओरडत होत्या. "झोपू नोका! मी बोलून राह्यली ना! पोराच्या लग्नात कोनं भांडन केलं? सांगा! तुमच्या भावानं का माह्या?"

"तुह्या," सोमाजीभाऊ पुटपुटले.

"खोटं! डोरे उघडा अन् सांगा!"

घाटाच्या बऱ्याच खाली लागलो, पण लागलो. काठावरची माणसं चिखलात धावत आली. खाट आणली. खाटेचं एक टोक साहेबांनी धरलं, एक मी. सडकेपर्यंत पळालो. तिथं बांबूचा ट्रक मिळाला. बांबूंवर खाट, खाटेवर सोमाजीभाऊ, अन् आम्ही तिघं काठाला धरून. डॉक्टरांनी लगेच आत घेतलं. इंजेक्शन दिलं. "आता थांबायचं," एवढंच म्हणाले.

आम्ही ओसरीत थांबलो. साहेबांच्या एकाच पायात बूट होता. भागरताबाई भिंतीला टेकून बसल्या होत्या, पदर तोंडात धरलेला.

दुसऱ्या दिवशी ऊन वर आल्यावर नर्सनं आत बोलावलं. सोमाजीभाऊंचा हात खांद्यापर्यंत सुजलेला, पण डोळे उघडे. त्यांनी बाईंकडे पाहिलं. मग माझ्या पट्टी बांधलेल्या हाताकडे. मग साहेबांकडे. ओठ हलले.

साहेब खाली वाकले. "बोला सोमाजी, बोला. काय हवंय?"

"साहेब," सोमाजीभाऊ म्हणाले, "बोट कोनं बांधली?"

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. मी साहेबांकडे.